वर शिडी लावता येत नाही

केळकरबाई उपग्रहाच्या कामावर होत्या तोवर त्यांनी लोणच्याला बोट लावले नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी आईने घातलेल्या कैरीच्या लोणच्याची बाटली कौतुकाने त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती दोन बोटांनी दूर सरकवली.

"साहेब, हे खोलीवर खा. लोणच्याचं तेल नखात बसतं, साबणाला दाद देत नाही. एकदा वर गेलं की गेलं. वर शिडी लावता येत नाही."

हडपसरच्या आमच्या लहानशा कारखान्यात उपग्रहासाठी तारांच्या जुड्या बांधल्या जात. टीव्ही आणि टेलिफोनसाठी परक्या उपग्रहांवर भाड्याने जागा घेणारा आपला देश आता स्वतःचे उपग्रह बांधून त्यांवरची जागा इतरांना भाड्याने देऊ पाहत होता. त्यातला आमचा वाटा तळहाताएवढा. पण त्या तळहातावर बाई फार जपत. सकाळी बुधवार पेठेतून बसने येत, मंगळसूत्र आणि घड्याळ स्टीलच्या डबीत ठेवत, कोपरापर्यंत हात धूत, हातमोजे चढवत आणि मगच सूक्ष्मदर्शकापुढे बसत. शिक्षण मॅट्रिक. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, त्यांचा पर्यवेक्षक. पण तारेला सोल्डरचा डाग कसा द्यायचा हे मला त्यांनीच शिकवले. "श्वास सोडा, मग हात लावा. पदवी नंतर लावा."

टेबलाशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असे. कोणाच्या हातून काही पडले, उघड्या बोटाचा स्पर्श झाला, की त्याने आपल्या नावासह तिथे लिहायचे. त्यासाठी कोणी रागावत नसे. वस्तू फक्त बाद होई. वहीत सर्वांत जास्त वेळा नाव बाईंचेच होते. "लिहा हो, लाजता कसले? लग्नाची यादी नाही ही."

मला मात्र त्या वहीची भीती वाटे. आमच्या गावच्या शाळेत चुकीपुढे नाव लागले की छडी ठरलेली. शिवाय नोकरीत कायम झाल्याचे पत्र यायचे होते, आणि वडील ते येण्याआधीच गावभर सांगून बसले होते.

एके दुपारी बाई जेवायला गेल्या असताना माझ्या हातून एक कनेक्टर फरशीवर पडला. मी भिंगाखाली पाहिले. ओरखडा नव्हता. मी तो पुन्हा ट्रेमध्ये ठेवला आणि ट्रे बाईंच्या टेबलावर नेऊन दिला. त्यांनी तो जोडला.

कंपनाच्या चाचणीत नेमक्या त्याच जागी संपर्क तुटू लागला. जोड कापून पाहिला. दोष जोडात की कनेक्टरात, ते ठरेना. जोड बाईंचा होता. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारले, "बाई, तुमच्या हातून काही पडलं होतं का?"

"पडलं असतं तर लिहिलं असतं."

वही काढली. त्या दिवसाचे पान कोरे होते. मी साहेबांच्या शेजारी उभा होतो. एक वाक्य बोलायचे होते. मी फरशीकडे पाहत राहिलो.

बाहेर आल्यावर बाईंनी मला विचारले, "तो ट्रे तुम्हीच आणून दिला होतात ना?"

"हो."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. "बरं," म्हणाल्या, आणि डबीतून घड्याळ काढून मनगटावर चढवले.

दोष जोडाचाच धरून त्यांना बांधणीतून काढून पॅकिंगला बसवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला, तर पोळीशेजारी लिंबाच्या लोणच्याची फोड होती.

"आता काय, जमिनीवरचं काम," त्या म्हणाल्या. "घ्या साहेब. तुम्हाला आवडतं ना?"

मी घेतली. नको म्हणण्याचेही धैर्य झाले नाही.

मला पत्र मिळाले. तारांची जुडी नव्याने बांधली, उपग्रह वर गेला. कँटीनच्या टीव्हीवर उड्डाण पाहताना सगळे टाळ्या वाजवत होते. बाई मागे उभ्या राहून वाजवत होत्या. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. पेठेत मी अनेकदा गेलो, त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. पुढे पाय उचलला नाही.

गेलो तो त्या वारल्यावर. मुलगी म्हणाली, "आई तुमच्याबद्दल सांगायची. साहेबांचा हात चांगला आहे, मीच बसवलाय म्हणायची." यापलीकडे बाईंनी घरी काही सांगितलेले नव्हते. तिथेही मी चहा पिऊन उठलो.

तो उपग्रह केव्हाच निकामी झाला आहे. कारखाना बंद झाला, वही कुठे गेली कोणास ठाऊक. त्या कोऱ्या पानावरची नोंद इथे करतो, बाई करत तशीच, न लाजता आणि सबब न सांगता:

दुपारची वेळ. कनेक्टर एक. फरशीवर पडला, वापरला गेला. हात माझा.