तेरडा की तरोटा

तरोट्याचा उग्र वास आला की चोरखमाऱ्याजवळच्या मालगुजारांच्या बागेत मी माळी होतो तेव्हाचा तो रविवार आठवतो. दसरा तोंडावर आला होता, संध्याकाळी मालगुजार बाग बघायला येणार होते आणि वाफ्यांत फुलांपेक्षा तरोट्याचं तणच माजलं होतं. दोन दिवस चिखलात वाकून कंबर गेली होती. वैतागून बायकोला म्हटलं, "तो तेरडा उपटून टाक." "फुलून राहिला जी, काऊन उपटू?" "सांगितलं तेवढं कर." विहिरीवरून परतलो तर तेरड्याचा लाल वाफा उघडा पडलेला, तरोटा जागच्या जागी. चूक माझ्या जिभेची, हे तिथंच कळलं. तरी मालगुजारांना म्हणालो, "मी तरोटा म्हटलं होतं, हिला ऐकूच येत नाही." तेव्हापासून माझं प्रत्येक सांगणं ती दोनदा विचारते, आणि मी दोन्ही वेळा चिडतो.