दारापेक्षा चार बोटं उंच

माझे काका पत्र्याचं काम करतात. मोडक्या ट्रकची केबिन त्यांच्या हाती दिली की काही महिन्यांनी ती अशी होऊन येते, की मालकालाच तिला हात लावायला संकोच वाटावा. बाबा इंजिनवाले. बाबा जाडजूड, काका काटकुळे. एक ट्रकखाली शिरला की अडकतो आणि दुसरा शिरला की सापडत नाही, असं आत्या म्हणायची. दोघा भावांनी मिळून कितीतरी जुने ट्रक पुन्हा उभे केले, आणि जवळजवळ तितक्याच वेळा एकमेकांशी बोलणं टाकलं.

अबोला धरला म्हणून काम थांबायचं नाही. तेवढ्यापुरते दोघं ट्रकशी बोलायचे. काका हेडलाइटकडे बघून म्हणायचे, "कुणीतरी नव्या रंगावर तेलकट कोपर टेकवलंय." बाबा बोनेटमध्ये डोकं घालूनच उत्तर द्यायचे, "कुणाला रंगाचा एवढा पुळका असेल, तर त्याने दरवाजा घरी न्यावा आणि उशाशी घेऊन झोपावं." ट्रक बिचारा दोघांचंही ऐकून घ्यायचा.

शेवटचा ट्रक आजोबांचा होता. त्यांनी तो नाइलाजाने विकलेला; भावांनी तो भंगारवाल्याकडून परत मिळवला तेव्हा नुसता सांगाडा आणि चाकं उरली होती. याला पाऊस लागू द्यायचा नाही, म्हणून सांगाड्याभोवतीच शेड बांधली. दाराचं माप बाबांनी घेतलं, केबिनचं काकांनी. तेव्हा अबोला चालू होता, त्यामुळे मापं एकमेकांना भेटली नाहीत. पुढे बाबांनी चाकांवरचे स्प्रिंगचे पोलादी पाटे बदलून चांगले जाड बसवले. या ट्रकमध्ये कधी एक पोतंही चढणार नव्हतं, पण "ट्रकने ट्रकसारखं उभं राहावं," असं त्यांनी क्लचला बजावलं. ते ऐकून काकांनी केबिनच्या टपाची कड आणखी जराशी वर नेली.

मग बाबा गेले. आठवडाभर इस्पितळात होते. गेले ते गाजावाजा न करता. तो नातेवाइकांनी नंतर केला. भेटायला आलेले लोक चहा घ्यायचे, आईकडे थोडा वेळ गंभीरपणे बघायचे आणि शेडमध्ये जाऊन ट्रक बघायचे. "काय माणूस होता!" म्हणत प्रत्येकजण चाकाला एक लाथ मारून पाहायचा.

इस्पितळात ट्रक नव्हता, त्यामुळे बाबांना काकांशी थेट बोलावं लागलं होतं. "हिला एकदा पुलापर्यंत फिरवून आण," ते म्हणाले. "पुढच्या सीटवर बसव. लग्न झाल्यापासून कबूल करतोय." काका सलाइनच्या स्टँडकडे बघत म्हणाले, "आणीन."

राहिलेलं काम काकांनी एकट्याने हातात घेतलं. बाबांच्या हत्यारांची लोखंडी पेटी आईने घरात आणून पलंगाखाली सरकवली होती. ती हलवायला दोन माणसं लागायची. काकांनी ती मागितली नाही, बाजारातून नवे पाने आणले. ते मागतील म्हणून आई वाट बघत राहिली. दोघांनाही एकमेकांचं मन दुखवायचं नव्हतं, त्यामुळे पेटी पलंगाखालीच राहिली आणि दोघांचीही मनं दुखावली.

एका रविवारी काकांनी सगळ्यांना बोलावलं. आत्या आली, आत्याचे यजमान आले. त्यांना घरात सगळे सल्लागार म्हणतात. त्यांचा सल्ला कामाला आल्याचं मात्र कुणी पाहिलेलं नाही. समोरचा शिंपी बायकोमुलांसह आला. चुलतभाऊ आले, तेही एकमेकांकडे पाठ करून उभे राहण्यासाठी. आई पुढच्या सीटवर बसली. काकांनी चावी फिरवली आणि बाबांचं इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झालं. आईने दाराच्या कडेवर हात ठेवला. ट्रक थोडा पुढे सरकला आणि वरून कर्रर्र आवाज आला.

टप दाराच्या तुळईला टेकला होता. ट्रक दारापेक्षा चांगला चार बोटं उंच होता.

"मी तेव्हाच म्हणणार होतो," सल्लागार म्हणाले.

"म्हणणार होतात ना?" आत्या म्हणाली. "मग आताही म्हणणारच राहा."

तुळई तोडली तर शेडचं छप्पर खाली येणार. चाकांतली अर्धी हवा सोडली. दोन बोटं मिटली, दोन उरली. काका स्टिअरिंगला धरून बसले होते. कान लाल झाले होते. मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द एका मापाच्या पट्टीपायी अडकला होता.

"वाळूच्या गोण्या भरा," सल्लागार म्हणाले. "वजन पडलं की पाटे दबतील."

सगळे त्यांच्याकडे बघतच राहिले. सल्ला बरोबर होता. त्यांचे तेच दचकले.

"पण रविवारी वाळू कोण देणार?" शिंप्याने विचारलं.

आत्याने गर्दीवरून नजर फिरवली. "वाळू कशाला? एवढी माणसं फुकट उभी आहेत की."

मग सगळे मागे चढायला लागले. शिंप्याचं अख्खं घर चढलं. पाठ करून उभे असलेले चुलतभाऊ दाटीत छातीला छाती लावून उभे राहिले. "सरका, नीट चढू द्या," आत्या म्हणाली. "माझ्या वजनाचा आज पहिल्यांदा कुणाला उपयोग होतोय." केबिनमधून काका ओरडत होते, "पुढे या! केबिनला टेकून उभे राहा!" पाटे कुरकुरत खाली बसले. काकांनी ट्रक पुढे घेतला. पुन्हा कर्रर्र. आता फक्त नखाएवढं अडत होतं.

"एक माणूस कमी पडतोय," मागून कोणीतरी म्हणालं आणि लगेच जीभ चावली.

काका स्पीडोमीटरकडे बघत म्हणाले, "दादा असता तर एकटा पुरला असता."

आई दार उघडून खाली उतरली. "भाऊजी, या जरा. ती पेटी मला एकटीला उचलायची नाही."

दोघांनी पेटी आणली. पायरीशी एकदा टेकवली, पुन्हा उचलली. काका काहीतरी बोलणार होते, पण दम लागला होता. पेटी केबिनमध्ये आईच्या पायांशी ठेवली आणि ट्रक पुढून हलकेच दबला. मग तो बाहेर आला. टपावरच्या नव्या रंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक ओरखडा उठला. कुणाचं कोपर रंगाला लागलं तरी घर डोक्यावर घेणाऱ्या काकांनी वर मान करूनसुद्धा पाहिलं नाही.

पुलापर्यंत ट्रक रांगत गेला आणि रांगतच परत आला. शेडसमोर सगळे भराभर उतरायला लागले; शिंप्याची मुलं उतरलीसुद्धा. माणसं कमी झाली तसा ट्रक हळूहळू वर उठायला लागला. काकांनी एकदा टपाकडे आणि एकदा दाराकडे बघितलं.

आई जागची उठली नाही. तिचे पाय पेटीवर होते. समोरच्या काचेकडे बघत ती म्हणाली, "कुणीतरी मागच्यांना सांगा, उतरू नका म्हणावं. ट्रक आत घ्यायचाय."

काकांनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. "म्हणावं, घाई काय आहे?" ते दांड्याला म्हणाले. "अजून एक फेरी होईल."