तिसऱ्या रेकॉर्डवरचा येर्को

माझ्या बहिणीचा नवरा येर्को ठार बहिरा आहे. दगडाच्या खाणीत जन्मभर ड्रिल खांद्याला लावून उभा राहिला, मग दुसरं काय होणार? आमच्या बेटावर त्याच्या वयाचे निम्मे पुरुष बहिरे आहेत आणि उरलेले निम्मे बायकोपुरते बहिरे आहेत. येर्को मात्र खरा बहिरा. कानात घालायचं यंत्र मिळालं होतं त्याला, पण त्यातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो म्हणून त्याने ते कपाटात टाकलं. माझं बोलणं तेवढं त्याला ओठांवरून कळतं. "इतकी वर्षं तू माझ्यावर ओरडतेयस नेवेन्का, तुझं तोंड मला पाठ झालंय," म्हणतो.

ती दोघं खाली राहतात, मी वर. माझा नवरा गेल्यापासून मी जेवायला खालीच असते आणि जेवताजेवता येर्कोची हजेरी घेते. त्याने परसात कोबी लावला की मी विचारणार, हा कोबी आहे की कुणाच्या मानेवरची गाठ? मी सार्डिन खारवले की तो विचारणार, हे खायचेत की याने होडी रंगवायचीये? दिन्का, माझी बहीण, मध्ये बसून दोघांना वाढते.

आमच्या गावची रीतच तशी आहे. इथे कुणी कुणाचं कौतुक करत नाही. उत्तम वाइन झाली तर "पिता येते" म्हणतात. दिन्काचं लग्न झालं तेव्हा ती अप्सरेसारखी दिसत होती, आणि खाणीतले लोक येर्कोला म्हणाले, "चला, कुणीतरी तुला पदरात घेतलं." याला आम्ही प्रेम म्हणतो. गोड बोलणं आम्ही मरणाच्या दारातल्या माणसासाठी राखून ठेवतो. शेजारची लुत्सा शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा आम्ही सगळ्या बायका तिला भेटायला गेलो आणि तू किती छान दिसतेस म्हणून आलो. लुत्साने दुसऱ्याच दिवशी पाद्र्याला बोलावून घेतलं.

तर या येर्कोने विशीत असताना एक रेकॉर्ड गायली होती. साधीसुधी नाही. समोरच्या किनाऱ्यावर स्प्लिटमध्ये चार पोरांचा एक बॅंड होता, 'सातवी भरती' नावाचा. येर्को खाणीतलं काम संपलं की बोटीने तिकडे जायचा आणि त्यांच्यात गायचा. त्यांची ती 'समुद्राखालची घंटा' नावाची रेकॉर्ड आमच्या अख्ख्या देशाने डोक्यावर घेतली. तो देश आता राहिला नाही, रेकॉर्ड राहिली. तिच्यात ऑर्गन असा घुमतो की बसल्या जागी जमीन कलते, गिटार उलटीकडून वाजते आणि एकेक गाणं निम्मी बाजू खाऊन टाकतं. त्या काळी पोरं ती लावून दिवसाढवळ्या जमिनीवर डोळे मिटून पडायची आणि आयांना वाटायचं, पोरांना कुणीतरी काहीतरी चारलंय. काही आयांचा अंदाज बरोबर होता.

फक्त त्या रेकॉर्डवर आवाज येर्कोचा नाही.

झालं असं. झाग्रेबला रेकॉर्डिंग चालू असतानाच त्याला सैन्याचं बोलावणं आलं. तेव्हा प्रत्येक पोराला जावंच लागायचं, त्यातून सुटका नव्हती. शेवटच्या दिवशी दुपारी येर्को गायला आणि संध्याकाळच्या गाडीने थेट मॅसिडोनियातल्या छावणीत गेला. आपण काय गायलो ते ऐकायलाही तो थांबला नाही. बॅंडच्या पोरांनी त्याला स्टेशनवर मिठ्या मारल्या आणि सांगितलं, "फार सुंदर गायलास." वसंतात छावणीच्या खानावळीतल्या रेडिओवर ती रेकॉर्ड लागली. येर्कोने सगळ्यांना गोळा केलं होतं, ऐका, हा मी. आणि रेडिओतून दुसराच आवाज आला. येणाऱ्या उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांत मंचावर उभं राहायला माणूस हवा म्हणून बॅंडने नेनो नावाचा देखणा पोरगा घेतला होता, आणि मंचावरचा आवाज रेकॉर्डशी जुळावा म्हणून सगळी गाणी त्याच्याकडून पुन्हा गाऊन घेतली होती. छावणीतल्यांनी येर्कोचं नाव 'रेडिओ' ठेवलं. परत येईपर्यंत तो रेडिओच होता.

गावी येऊन तो खाणीत गेला, लग्न केलं, मुलीला वाढवलं. कुणाबद्दल वाकडा शब्द नाही. फक्त खानावळीत ते गाणं लागलं की सिगरेट घेऊन बाहेर जायचा, आणि सिगरेट सोडल्यावर नुसताच बाहेर जायचा. लोकांना वाटायचं त्याला नेनोचा राग आहे. मलाही तसंच वाटायचं. पण एकदा द्राक्षं तोडताना तो आपणहून बोलला.

"नेनो माझ्याहून चांगला गातो की नाही, याचं मला काही नाही गं. मला फक्त एकच कळायला हवं होतं. मला गाता येत होतं का?"

"म्हणजे?"

"ते म्हणाले सुंदर गायलास. आता तूच सांग, असं कोण कुणाला म्हणतं? मी रद्दी गायलो असेन, म्हणून मला हळूच बाजूला केलं, आणि सैन्याचं निमित्त पुढे केलं. शिवी दिली असती तर मी निश्चिंत झालो असतो."

स्प्लिटची माणसं आमच्याइतकी खाष्ट नसतात, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्याने करंडी उचलली.

गेल्या वर्षी झाग्रेबहून व्हेद्राना नावाच्या बाईचा फोन आला. जुन्या रेकॉर्डी नव्याने काढणं हे तिचं काम. 'घंटा'ला पन्नास वर्षं झाली म्हणून रेकॉर्डींची मोठी पेटी निघणार होती. शोधताशोधता तिला रेडिओच्या कोठारात भलतंच नाव लिहिलेल्या डब्यात एक टेप सापडली होती, त्याच गाण्यांची, पण आवाज वेगळा आणि आतल्या चिठ्ठीवर येर्कोचं नाव. "हे येर्को कोण, हयात आहेत का?" तिने विचारलं. फोनवर मीच होते. मी म्हटलं, "हयात आहे, पण काही कामाचा नाही." दिन्काला सांगितलं तेव्हा ती मटकन खाली बसली. येर्कोला सांगितलं तेव्हा त्याने मला दोनदा बोलायला लावलं, ओठ नीट बघायला.

मे महिन्यात व्हेद्राना पेटी घेऊन बोटीने आली. पंचेचाळिशीची, चुरचुरीत बाई. इथल्या रीतीने त्याला बार्बा येर्को, म्हणजे येर्कोकाका, म्हणायला शिकून आली होती. पेटी आमच्या घरच्या बायबलहून जड. आत तीन रेकॉर्डी. पहिली जुनीच, धुऊनपुसून काढलेली. दुसरीवर तेव्हाचे कार्यक्रम. तिसरीवर आमचा येर्को. शिवाय फोटोंचं जाड पुस्तक. त्यात मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला, खांद्यापर्यंत केसांचा येर्को पाहून दिन्का म्हणाली, "अगंबाई, याला केस होते!" हे त्याला मी ओरडून सांगितलं. तो खूश झाला.

वरून माझ्या नवऱ्याचा रेकॉर्ड प्लेअर खाली आणला. येर्कोने खुर्ची ओढून स्पीकरच्या खोक्याला दोन्ही तळहात लावले. मग मला समोर बसवलं.

"दिन्का बायको आहे, ती खोटं बोलेल. या बाईला पेटी विकायचीये. तुला माझी कधी दया आली नाही नेवेन्का. तू सांग."

"सांगते. गाढवासारखा ओरडला असशील तर तसंच सांगेन."

"तेच हवंय," तो म्हणाला.

व्हेद्रानाने सुई ठेवली.

ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलंय, लग्नांत, जत्रेत, डेंटिस्टच्या खोलीतसुद्धा. नेनो छान गातो, मधासारखं, आणि ते गाणं एखाद्या सुंदर पोरीबद्दल असावं अशीच माझी समजूत होती. येर्को खालून सुरू झाला, जवळजवळ बोलल्यासारखा, आणि दुसऱ्या ओळीला माझी समजूत खोटी ठरली. ते गाणं भीतीचं होतं. बुडणाऱ्या माणसाचं होतं. मध्ये ऑर्गन एकटा घुमत राहतो, तिथे नेनो गोड काहीतरी गुणगुणतो आणि सगळा देश ते गुणगुणतो. तिथे येर्कोने हाक घातली होती. खाणीत सुरुंग उडवायच्या आधी घालतात ती, सांभाळा, बाजूला व्हा. "वार्दाऽऽऽ!" लहानपणापासून ती हाक ऐकली की आम्ही जागच्या जागी थिजायचो, कारण आत आपला बाप असायचा. ती हाक त्या ऑर्गनवरून लांब लांब गेली आणि परत आली. माझा बाप खाणीतच गेला. असं गाणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं आणि हा माणूस माझ्यासमोर जन्मभर कोबी लावत होता.

दिन्का तोंडाला ॲप्रन लावून अंगणात निघून गेली. गाणं संपलं. येर्को माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी टोमणा शोधला. देवाशपथ, शोधला. पण माझे डोळे वाहत होते, आणि मी त्याच्या हातावर हात ठेवला, जो मी आजवर कधी ठेवला नव्हता.

"सुंदर आहे रे येर्को," मी म्हटलं. "फार सुंदर."

त्याचा चेहरा उतरला. अगदी हळूहळू, मला दिसेल असा.

"एवढं वाईट?" त्याने विचारलं.

"नाही! अरे मूर्खा, खरंच!"

"बरं, बरं," तो म्हणाला, आणि माझ्याच हातावर थोपटायला लागला. "रडू नकोस. मला अंदाज होताच."

मग मी तोंडाचा पट्टा सोडला. गाढव म्हटलं, बैल म्हटलं, घंटेत अडकलेलं रेडकू म्हटलं. तो मान डोलावत हसत राहिला, आजारी माणूस भेटायला आलेल्यांकडे बघून हसतो तसा. "आता कशाला," म्हणाला. व्हेद्रानाने पिशवीतून वर्तमानपत्रांची कात्रणं काढली. त्यात लिहिलं होतं की खरी 'घंटा' हीच, या आवाजाने मागचं सगळं फिकं पाडलं. येर्कोने चष्मा लावून नीट वाचलं. "माणूस गेल्यावर असंच लिहितात," म्हणाला, आणि तिला बोटीला उशीर होईल म्हणून उठवलं. जाताना ती बिचारी माझ्याकडे बघत होती. मी काय सांगणार होते तिला? माझं तोंड त्याला पाठ होतं, आणि त्याच तोंडाने मी त्याला दगा दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी खानावळीत गेले. तिथे रेडिओवर येर्कोचं गाणं ऐकून झालं होतं, सगळे खाली माना घालून बसले होते. मी म्हटलं, "हे बघा, तो दुपारी येईल. त्याला शिव्या घाला. पोट भरून घाला, नेहमीपेक्षा जास्त." सगळे हो म्हणाले. खाणीत त्याच्याबरोबर काम केलेला तोन्को म्हणाला, "माझ्यावर सोड, असा सोलतो त्याला!" दुपारी येर्को दारात आला. तोन्कोने तोंड उघडलं, मिटलं, आणि तो उठून उभा राहिला. मग बाकीचे सगळे खुर्च्या सरकवून उभे राहिले. आमच्याकडे कुणी आत आलं म्हणून उठत नाहीत. प्रेतयात्रा रस्त्याने जाताना उठतात.

येर्कोने सगळ्यांकडे पाहिलं, हात वर केला आणि तो घरी परतला.

त्यानंतर तो बदललाय. दिन्काला म्हणाला, "नेनोने माझ्यावर उपकार केले. मी त्या रेकॉर्डची वाट लावली असती." आता खानावळीत ते गाणं लागलं तरी तो बाहेर जात नाही. टीव्हीवर नेनोचे ओठ हलताना बघतो आणि बोटाने टेबलावर ताल धरतो, चुकीचा. झोपही चांगली लागते म्हणे. दिन्का म्हणते, "सोड आता नेवेन्का, सुखात आहे तो." सुखात आहे! खोट्यावर मांडी घालून सुखात बसलाय, आणि ते खोटं मी त्याला दिलंय, एकुलतं एक खरं बोलून. मी त्याचा कोबी पाहते आणि मला काही सुचत नाही. परवा मी नुसतं "बरा आलाय" म्हणाले, तर त्याने घाबरून मलाच विचारलं, तुझी तब्येत ठीक आहे ना?

काल मी वर एकटी होते. तिसरी रेकॉर्ड लावली, आवाज वाढवला आणि खिडक्या सताड उघडल्या. खाली अंगणात येर्को वेलाच्या फांद्या तारेला बांधत होता. त्याचा विशीतला आवाज थेट त्याच्या डोक्यावर पडत होता. रस्त्याने जाणारी पोस्टातली बाई सायकलवरून उतरली आणि फाटकाला धरून उभी राहिली. हाक आली, समोरच्या डोंगरावर जाऊन आली. येर्कोने दोरीला गाठ मारली, उरलेली दोरी दाताने तोडली आणि दुसरी फांदी धरली.

मग त्याला फाटकाशी बाई दिसली, म्हणून त्याने वर पाहिलं. मी खिडकीत रडत होते.

"काय झालं?" त्याने खालून विचारलं. "कोण गेलं गं?"

"कोणी नाही," मी म्हटलं, तोंड मोठं उघडून, त्याला स्पष्ट दिसेल असं. त्यावरही त्याचा विश्वास बसला नाही.