ओळख नसलेल्यासाठी

आमच्या सेक्टरच्या बाजारालगतच्या बगिच्यात पन्नाशीची एक बाई यायची आणि जमलेल्या बायकांकडून हात पसरून "थांबा!" असं ओरडायची प्रॅक्टिस करून घ्यायची. म्हणायची, "भेव लागलं का गळ्यातून आवाज निघत नाही, म्हणून आधीच काढून पाहा." हे सारं ती फुकट शिकवायची, म्हणूनच मला तिचा संशय यायचा. कोणत्या पार्टीची असेल, काय विकायला आली असेल, असं वाटून मी पर्स काखेत दाबून उभी राहायचे. नाव विचारलं तर ती नुसती हसायची.

त्या दिवसांत मोबाईलवर पोरं चोरणाऱ्यांचे मेसेज फिरत होते. एका संध्याकाळी बाजारात लोकांनी एका फुगेवाल्याला घेरलं. रडणाऱ्या एका मुलीला त्यानं फुगा दिला होता, एवढंच. कुणी त्याची कॉलर धरली, कुणी काठी उचलली. मलाही तो चोरच वाटला.

तेवढ्यात ती बाई गर्दीत घुसली आणि हात पसरून त्याच्यापुढे उभी राहिली. "थांबा! पोलिसाले फोन लावा."

"तुमी ओळखता का याले?" एक जण खेकसला.

"नाही ओळखत. ओळखीच्यासाठी तं कोणीबी उभं राहते."

बगिच्यातल्या बायका एकेक करून तिच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी मीही गेले. पोलीस येईपर्यंत त्याच्यावर कुणाचा हात पडला नाही.

त्याच्याकडे पाठ करून उभी होते, तेव्हा तो चोर नाही याची मला अजिबात खात्री नव्हती.