कोबीला सगळं माहीत आहे

बर्लाद गावच्या भाजीबाजारात विक्रेत्याला तराजू हवा असेल, तर आगलाया तुदोसेच्या खिडकीशी जावं लागे. ओळखपत्र ठेवायचं, तराजू न्यायचा, बाजार उठला की परत आणायचा. सत्तरी ओलांडली तरी बाईने ती खिडकी सोडली नव्हती. तिला हसताना कोणी पाहिलं नव्हतं. तिच्यासमोर दुसरं कोणी हसलं, की ती आधी मागे वळून बघे, हा कोणाला हसतोय म्हणून.

त्याला कारण होतं. चाळीस वर्षांपूर्वी, कम्युनिस्ट राजवटीत, तिचा नवरा सेवेर बेअरिंगच्या कारखान्यात फिटर होता आणि मोठा गमत्या होता. एकदा चार मित्र पत्ते खेळत बसले असताना तो म्हणाला, "आपल्या गावात दोनच रांगा. एक पावाची. दुसरी, पहिली रांग कशाची आहे ते विचारणाऱ्यांची." आठवडा उलटायच्या आत गुप्त पोलीस त्याला घेऊन गेले. तीन दिवसांनी सोडलं, पण फिटरचा झाडूवाला करून. त्यानंतर मरेपर्यंत त्याने एकही विनोद केला नाही.

तो वारल्यावर आगलायाने गुप्त पोलिसांकडची त्याची जुनी फाइल मागवली. तीत त्या विनोदाची चुगली करणारं एक निनावी पत्र निघालं, बस. पत्ते खेळणाऱ्या बाकी तिघांपैकी दोघे वारले होते. उरला कासियान प्रुतेआनु, तिच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा. रोज जिन्यात ती त्याला नमस्कार करी, आणि रोज तिच्या मनात पाल चुकचुके.

यंदा ऑक्टोबरात, हिवाळ्यासाठी लोणच्याच्या बरण्या-पिंपं भरायच्या दिवसांत, एका विक्रेत्याने तराजू खोटा आहे म्हणून भांडण काढलं. आगलायाने त्याच्याच ढिगातला कोबी उचलून तराजूवर ठेवला, त्यावर हात दाबला आणि कोर्टात शपथ घ्यावी तशा चेहऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला. पंधरा दिवसांत तो गावभर फोनवर फिरत होता. खाली दोन ओळी होत्या: "कोबीला सगळं माहीत आहे. कोबी बोलणार नाही."

बेकरीवाला तिला पाव देताना म्हणाला, "बोलणार नाही ना?" बसचा ड्रायव्हर काच खाली करून तेच म्हणाला. याश शहरातून कॉलेजची पोरं आली आणि खिडकीशी उभी राहून कोबीवर हात ठेवून फोटो काढून गेली. आगलाया प्रत्येकाला अर्थ विचारी, आणि प्रत्येकजण हसून निघून जाई. तिचा जीव थाऱ्यावर राहिना. सगळं म्हणजे काय? कोण बोलणार नाही? तिच्या आयुष्यात न बोललेली गोष्ट एकच होती. कोणीतरी तिला डिवचत होतं, नाहीतर दम देत होतं.

तिने माग काढला. बाजारात लोणची विकणाऱ्या वेताबाईची भाची इलिंका याशला शिकत होती. फोटो तिनेच काढलेला, ओळीही तिच्याच. शनिवारी ती बाजारात आल्यावर आगलायाने तिला खिडकीच्या आत बोलावलं आणि दाराला कडी लावली.

"कोणी सांगितलं तुला हे लिहायला?"

"कोणी नाही, मावशी. कोबीकडे बघितलं आणि सुचलं."

"अर्थ काय त्याचा?"

"काहीच नाही. अर्थ नाही म्हणून तर हसू येतं. आमच्याकडे सगळ्याला अर्थ आहे, परीक्षा, नोकरी, घरभाडं, बातम्या. दिवसातनं एक गोष्ट तरी बिनअर्थाची नको का?"

आगलायाला हे मुळीच पटलं नाही. ज्याला अर्थ नाही असा विनोद तिने आजवर ऐकला नव्हता. तिच्या काळी प्रत्येक विनोद कोणावर तरी असे आणि कोणाच्या तरी अंगाशी येई. पोरीला कोणीतरी पढवलं असावं, असं धरूनच तिने कडी काढली.

सोमवारी कासियान खिडकीशी आला. तराजू न्यायला नव्हे. टोपी हातात, चेहरा उतरलेला. नातीच्या फोनवर चित्र पाहिल्यापासून त्याला घास जात नव्हता.

"वहिनी, ते काढून टाकायला सांगा," तो म्हणाला. "मला कळलंय, ते माझ्यासाठी आहे."

आगलायाने हातातलं कोणाचंसं ओळखपत्र खाली ठेवलं.

"पत्र मी लिहिलं नाही," कासियान म्हणाला. "मुलांची शपथ. पण विनोद मीच पसरवला. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या जेवणघरात, भरल्या टेबलावर. वर सांगितलं, आमच्या सेवेरचा आहे म्हणून. कौतुकाने सांगितलं हो. मग ते कोणी कोणी ऐकलं, देव जाणे."

"सेवेरला कधी सांगितलंत का हे?"

"जीभ उचलली नाही."

तो गेल्यावर तिने खिडकी लावून घेतली. बाहेर विक्रेते खोळंबले, दार ठोठावू लागले. खरं बोलला की अर्धंच बोलला? कौतुकाने, म्हणे. तिने ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं. शेवटी तिच्या लक्षात आलं, की पोरीच्या त्या दोन ओळींना खरोखरच अर्थ नव्हता. असता तर तो एकालाच टोचला असता. अर्थ नव्हता म्हणूनच ज्याच्या पोटात जे होतं ते त्याने त्यात वाचलं. तिने तिचं, त्याने त्याचं. असल्या विनोदासाठी कोणाला उचलून नेता आलं नसतं. पोलिसांनी तरी काय विचारलं असतं? तिला एकटीलाच हसू फुटलं. बऱ्याच वर्षांनी आलेलं ते हसू खोकल्यासारखं निघालं.

पुढच्या शनिवारी इलिंका आपणहून आली. मावशींना त्रास होत असेल तर चित्र काढून टाकते, म्हणाली.

"राहू दे," आगलाया म्हणाली. "पण खाली नाव घाल. तुझंही, माझंही. निनावी काही नको मला."

इलिंकाने तिथेच नावं घातली. लोकांची हसरी चिन्हं भराभर येऊ लागली. त्यांत वरच्या मजल्यावरून, कासियानकडून आलेलं एखादं आहे का, हे मात्र आगलायाने पोरीला दोनदा तपासायला लावलं.