भाऊजींचं ‘कसंतरी चालते’

अख्ख्या अकोल्यात माझ्या भाऊजींइतका सुखी माणूस नसेल, आणि सुख कबूल करायला त्यांच्याइतका घाबरणारा तर साऱ्या वऱ्हाडात सापडायचा नाही. कूलर दुरुस्तीचं त्यांचं दुकान. एप्रिल लागला की बिघडलेल्या कूलरची रांग थेट शेजारच्या पानठेल्यापर्यंत जाते, भाऊजींना जेवायला फुरसत नसते. पण कोणी विचारलंच, तर हातातल्या मोटरवरून नजर न काढता म्हणणार, "काय चालते बाप्पा, माशा मारून राहिलो." चांगलं म्हटलं की नजर लागते, ही त्यांची पक्की समजूत. ताईच्या पुरणपोळीला नुसतं "ठीक हाये" म्हणतात आणि थप्पी संपवूनच उठतात. मुलगी दहावीला शाळेत पहिली आली, तेव्हा पेढे वाटताना "झाली पास कशीतरी" म्हणत होते, आणि डोळे पाण्याने भरलेले.

ही खोड तशी कोणाला बाधली नव्हती. मग ताईने स्वतःच्या घराचा ध्यास घेतला. लग्नापासून सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही, म्हणून आमच्या आईबाबांचा फोटो ते गेल्यापासून कपाटावर टेकून उभा. भाऊजींना पगाराची चिठ्ठी नाही, तेव्हा गृहकर्जासाठी कमाई सिद्ध करायची कशी? मी अमरावतीहून जाऊन आयकराची विवरणपत्रं, बँकेचे उतारे, दुकानाचा परवाना असं सगळं जुळवलं. कागद चोख होते. फक्त बँकेचा साहेब दुकान बघून जाणार होता.

तो ऐन पावसाळ्यात आला. दुकानापुढे रांग नव्हती. त्याने सहज विचारलं, "धंदा कसा आहे?" भाऊजी सवयीने बोलून गेले, "कसंतरी पोट भरते, साहेब." साहेबाने पानठेल्यावर चौकशी केली. पानवाला भाऊजींचा जिवलग. मित्राला नजर लागू नये म्हणून तोही म्हणाला, "काही नाही जी, गरीब मानूस हाये." फाइल तिथेच अडकली.

"भाऊजी, तुमी कावून असं बोलले?" मी चिडलो. ताई मात्र नुसती फोटो पदराने पुसत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मी साहेबाला विनवून पुन्हा आणलं. भाऊजी सकाळपासून घामेघूम. या वेळी ताईही दुकानात येऊन बसली होती. साहेबाने तोच प्रश्न केला. भाऊजींनी ताईकडे पाहिलं, डोळे मिटले आणि एका दमात म्हणाले, "चांगला चालते, साहेब. लय चांगला चालते. माह्यं लय बरं हाये!" साहेबाला हसू आवरेना. त्याची पाठ वळताच भाऊजींनी ताईकडून मीठ-मोहऱ्या ओवाळून घेतल्या, आधी स्वतःवरून, मग फाइलवरून.

कर्ज मंजूर झालं, घरही झालं. परवा मी फोन केला. "भाऊजी, नवं घर कसं हाये?"

"काय राहते बावा, चार भिंती हायेत उभ्या."

मागे ठकठक ऐकू येत होती.

"तुही ताई खिळा ठोकून राहिली," ते म्हणाले, आणि आवाज एकदम खाली आणला. "चांगलं झालं रे घर. लय चांगलं झालं. कोनाले सांगू नको."

तुम्हाला सांगितलं, ते भाऊजींना कळू देऊ नका. आईबाबा असते तर सगळ्यांत आधी त्यांना सांगितलं असतं.