शालूताईने मामाच्या रुमालाला बांधलेली लवंग

हाय सगळ्यांना! या पेजवर मी आजपर्यंत फक्त हसायला यायचे, खरंच सांगते. भूतबित वाचलं की खाली "बिल्कुल फेकू" अशी कमेंट टाकणाऱ्यांपैकी मी एक. आता स्वतःच लिहितेय, त्यामुळे ज्यांना हसायचंय त्यांनी हसा... पण आधी पूर्ण वाचा यार.

मी मामा-मामीकडे राहते, मयूर विहारला. माझी मामी एका ॲपवर रहस्यकथांची सिरीज लिहिते. गाव काल्पनिक — आवळेवाडी. छोटंसं गाव, सगळे सगळ्यांना ओळखतात, खून होतो तरी लोक चहा प्यायला थांबतात, असं. वाचकांची सगळ्यात लाडकी शालूताई, जिची चहाची टपरी आहे. आणि मामा सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन होता, त्यामुळे गावाचा नकाशा त्याने काढलाय. एकदम प्रॉपर, स्केलसकट! आमच्या फ्रिजवर लावलेला असतो.

आता मामाला आठवत नाही फारसं. उजवा हातही थरथरतो, शर्टाची बटणं मामी लावते. आणि तो अधूनमधून "घरी जातो" म्हणून निघतो... म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आर. के. पुरमच्या जुन्या क्वार्टरला. नोकरीची सगळी वर्षं तिथे काढली ना. पत्ता विचारला तरी तोच सांगतो.

तर त्या दिवशी सकाळी किचनमध्ये आम्ही मटार सोलत होतो. मामी सिरीजचा पुढचा भाग मनात जुळवत होती, हळूच म्हणाली, "मनू, कुणाला सांगू नकोस. वैद्यबुवांच्या चहात विष शालूताईनेच घातलंय."

मी ओरडलेच. "मामी! लोक ॲप डिलीट करतील!"

"करू देत. ऐक तर. ती पाहुण्याच्या रुमालाच्या टोकाला लवंग बांधून देते — परतताना वाट चुकू नये म्हणून. त्या गाठीवरूनच पकडली जाणार."

हे तिला तिथे, त्या क्षणी सुचलं. टाइपसुद्धा केलेलं नव्हतं. मामा बाहेरच्या खोलीत, टीव्ही फुल आवाजात.

दुपारी मामी जरा आडवी झाली आणि मामा गायब.

मी सरळ मेट्रोने आर. के. पुरम गाठलं. क्वार्टरजवळ, बसस्टॉपवर, पार्कात... फोटो दाखवत फिरले. कुणीच पाहिलं नव्हतं. मामी फोनवर फक्त "सापडले का गं?" एवढंच. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मला रडू आलं.

आणि मग तिचाच फोन — "आले! ऑटोने आले!"

मी पोचेपर्यंत ऑटोवाल्याला थांबवून ठेवायला सांगितलं. बिचारा थांबला, मामीने त्याला पोहे खायला घातले. तो म्हणाला, "आर. के. पुरम से एक आंटी ने बिठाया जी. चाय की दुकान थी उनकी. पता भी उन्होंने ही बताया. बोलीं, बड़ा गेट दोपहर में बंद रहता है, पीछे मंदिर वाली गली से जाना."

अरे, मामाला तर आमचा आत्ताचा पत्ता येतच नाही! मग आमच्या सोसायटीच्या गेटचं तिला कुणी सांगितलं?

तेवढ्यात मामीने मामाचं तोंड पुसायला त्याच्या खिशातला रुमाल काढला. टोकाला घट्ट गाठ. आत काहीतरी टोचत होतं... आणि वास! लवंग!

मामीने ती गाठ त्याच्यासमोर धरली. "अहो... कुठे गेला होतात?"

मामा इतका शांत होता की काय सांगू. उठला, फ्रिजपाशी गेला, नकाशावर टपरीवर बोट ठेवलं. "इथे. चहा छान करते. खुर्च्या आता उन्हात मांडते."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, वहिनींना सांगा, मी काही केलेलं नाही."

...

दुसऱ्या दिवशी ऑटोवाल्यालाच घेऊन गेले मी तिथे. त्याने दाखवली ती जागा म्हणजे नुसती भिंत. समोरच्या गार्डने सांगितलं, "यहाँ? मैडम, मैं ख़ुद चाय पीने उधर मार्केट तक जाता हूँ."

मी खूप लॉजिक लावलं. मामाने टीव्हीच्या आवाजातूनही ऐकलं असेल, अच्छा, चलो, मानलं. पण बटण न लागणाऱ्या हाताने ती गाठ? आणि ती आंटी? एखादी खरोखरची भली बाई असेल, तर तिला मी शोधून पाया पडेन. पण लवंग का, यार?

शालूताई पकडली जाण्याचा तो भाग मामीने लिहिलाच नाही. "मग वैद्यबुवांना मारलं कुणी?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "वाचले ते. पोट बिघडलं होतं नुसतं." आणि आता रोज सकाळी मामाची बटणं लावून झाली की ती त्याच्या रुमालाला लवंग बांधते.

मला आजही काहीच कळलेलं नाही. तुमच्याकडे काही एक्सप्लनेशन असेल तर कमेंटमध्ये लिहा, शिव्या घातल्यात तरी चालेल. फक्त एक रिक्वेस्ट — मामी हे पेज वाचते. शालूताई तिथे नव्हतीच, असं तेवढं कुणी लिहू नका.